भादव्यातली खाज

काशीत पाऊस थांबला की खरा ओलावा सुरू होतो. श्रावणात निदान पाणी वरून पडताना दिसतं, त्याच्यासाठी छत्री असते. भादव्यात ते दिसेनासं होतं आणि सगळीकडे असतं. उशीत, काडेपेटीत, पोह्यांच्या डब्यात, बँकेतल्या कागदांच्या गठ्ठ्यांत. इथले लोक याला उमस म्हणतात. मराठीत मला त्याला जोडीचा शब्द सापडलेला नाही. उकाडा फार कोरडा वाटतो आणि दमट हवामान म्हटलं की आकाशवाणी आठवते. ओल्या घोंगडीत गुंडाळून कुणी आपल्याला उन्हात ठेवून द्यावं आणि विसरून जावं, ती उमस.

आज सकाळी दोरीवरचा बनियन काढला. हाताला वाळलेला वाटला, गालाला लावला तर ओलाच. कपडा गालाला लावून बघायची ही सवय मला काही वर्षांपूर्वीच्या एका भादव्यानं लावली. तो सगळा भादवा आठवला आणि गच्चीवर एकटाच हसत उभा राहिलो.

मी मूळचा कराडचा. बँकेच्या बदलीनं बनारसला आलो तेव्हा बायको मीनल तिच्या शाळेतल्या नोकरीमुळे तिकडेच राहिली आणि मला ब्रह्माघाटाच्या गल्लीत विनायक गुरुजींच्या घराचा वरचा मजला मिळाला. गुरुजी वैदिक. त्यांचे पूर्वज पेशवाईत इथे आले ते परत गेलेच नाहीत. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली की पहिल्या दिवशी काकूंनी मला विचारलं, "भाऊ, तुम्ही नाश्त्याला काय पसंत करता?" आणि उत्तर द्यायच्या आधीच पुरी-भाजीची थाळी पुढे ठेवली. गुरुजींची ख्याती त्यांच्या बैठकीची होती. नवरात्रात पंचगंगा घाटावरच्या देवळात ते पारायणाला बसत, सकाळी मांडी घालत ती दुपारीच मोडत. मधे हलणं नाही, पाय बदलणं नाही. घाटावरची माणसं त्यांचा पाठ जितक्या आदरानं ऐकत तितक्याच आदरानं त्यांची मांडी बघत.

माझी गोष्ट मात्र बँकेतल्या रेक्झिनच्या खुर्चीवर सुरू झाली. अंगात टेरिकॉटची घट्ट पँट, आत त्याहून घट्ट काहीतरी, डोक्यावर पंखा असून नसल्यासारखा. आधी जांघेत नुसती चुणचुण झाली. मग खाज आली. मग कंड. मराठीत या शब्दांच्या पायऱ्या किती बारीक आहेत ते मला तेव्हा कळलं. चुणचुण विसरता येते. खाज विसरता येत नाही, पण थोपवता येते. कंड सुटला की माणूस, त्याचं पद, समोरचा खातेदार, सगळं गळून पडतं आणि एकच इच्छा उरते. खाजवल्यावर एक क्षण असा येतो की मोक्ष म्हणतात तो याहून वेगळा नसावा असं वाटतं. पुढच्याच क्षणी भगभग सुरू होते. एखाद्याला उगाच भांडण उकरून काढायची हौस असली तर आपण म्हणतो, त्याला खाज आहे. हा वाक्प्रचार ज्यानं घडवला त्याला माझ्यासारखाच एखादा भादवा लाभला असणार.

बँकेत खाजवायचं कुठे, हा प्रश्न होता. मी रेकॉर्ड रूममध्ये जायला लागलो. जुनी कागदपत्रं तपासून येतो असं सांगायचं, आत जाऊन कपाटामागे उभं राहायचं आणि निवांत, शहाण्या चेहऱ्यानं परत यायचं. दिवसातून इतक्यांदा जाऊ लागलो की नवीन साहेब फार कसून काम करतात अशी शाखेत माझी कीर्ती झाली.

औषधाच्या दुकानात गेलो तर तिथे बायका उभ्या होत्या. त्या गेल्यावर आणखी आल्या. शेवटी दुकानदाराला हळू आवाजात सांगितलं की जरा खुजली आहे. कुठे, म्हणून त्यानं भर दुकानात विचारलं. मी म्हणालो, अशीच, इकडे तिकडे. तो समजला आणि त्यानं एक ट्यूब दिली. लावली आणि चमत्कार झाला. आग थांबली, लाली गेली. मी लंका जिंकल्यासारखा बँकेत गेलो आणि आठवडाभर रेकॉर्ड रूमकडे फिरकलो नाही. ट्यूब थांबवल्यावर मात्र खाज परत आली. आधी रुपयाएवढी होती, आता पुरीएवढी झाली, कडेला लाल रेघ घेऊन. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा दुप्पट. आमच्यात असा लपंडाव चालू होता आणि जिंकत तीच होती.

याच दिवसांत खालच्या मजल्यावर काहीतरी बिनसलं होतं. गुरुजी सकाळी गंगेवर जात. पूर आला होता, घाट पाण्याखाली होता, वरच्या पायऱ्यांवरच स्नान उरकून ते ओल्या पंचानं गल्ली चढून येत आणि तसंच दमट सोवळं नेसून मुलांना वेद शिकवायला बसत. पण आता पाठ मधेच थांबायचा. गुरुजी उठून आत जायचे, थोड्या वेळानं यायचे, पुन्हा उठायचे. शिकवताना चिडायला लागले. आणि एक दिवस काकू जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की यंदा नवरात्रात बसणार नाही असं गुरुजींनी देवळात कळवलं आहे, गुडघे साथ देत नाहीत म्हणून. देवळातल्या लोकांनी दुसरा माणूस बघायला सुरुवातही केली होती. काकू हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, "गुडघा दुखतो तर तेल लावू देतील ना. लावू देत नाहीत."

मलाही वाईट वाटलं. गुरुजींची मांडी मोडली म्हणजे गल्लीतलं काहीतरी मोडलं असंच सगळ्यांना वाटत होतं. पण मी स्वतःच्याच आगीत होतो, दुसऱ्याच्या गुडघ्याचा विचार फार वेळ करता येत नव्हता.

शेवटी डॉक्टर गाठायचं ठरवलं. बनारसमध्ये नको, कारण कुठल्याही दवाखान्यात आमचा एक तरी खातेदार बसलेला असणार. म्हणून नदीपलीकडे रामनगर. पुरामुळे नावा बंद होत्या. शनिवारी सुट्टी बघून ऑटोनं पुलावरून गेलो. बाजाराच्या मागच्या बाजूला चर्मरोगाची पाटी दिसली, जिना चढलो, कंपाउंडरकडे नाव दिलं आणि बाकावर टेकणार तोच शेजारच्या माणसाकडे लक्ष गेलं. एवढ्या उकाड्यात त्यानं तोंडाला मास्क लावला होता आणि डोक्यावरून उपरणं घेतलं होतं. पण कपाळावरचं गंध तेच, आणि बसायची पद्धत तर मी रोज बघत होतो. बाकाच्या अगदी कडेवर, एक पाय लांब, जणू आता उठायचंच आहे.

मी गुरुजी म्हणालो आणि ते दचकले. मी इकडे कसा, असं त्यांनी विचारलं. एका खातेदाराला भेटायला आलो होतो, असं मी सांगितलं. तेही एका यजमानांकडे आले होते. दोघंही चर्मरोगाच्या पाटीखाली बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागलो. तेवढ्यात कंपाउंडरनं गुरुजींचं नाव पुकारलं आणि पुढे, मी तयार राहावं म्हणून, माझंही. संपूर्ण नाव, वडिलांसकट, खणखणीत आवाजात.

गुरुजी उठले ते जिन्याकडे. मी मागोमाग गेलो. जिन्याच्या वळणावर ते थांबले, उपरणं काढलं, घाम पुसला. डॉक्टर बाई आहेत हे त्यांना आत्ताच कळलं होतं. पण खरी गोष्ट तेवढीच नव्हती.

"श्रीकांत," ते म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. लोकांचं सोडा. माझं मलाच भय वाटायला लागलं आहे. ही जागा अशी आहे, की मनात भलतंसलतं येतं. मी आयुष्यात कुठे गेलो नाही, कुणाकडे वाकडं पाहिलं नाही. तरी हे काही वाईट निघालं तर हिला मी काय तोंड दाखवू?"

बैठकीसाठी प्रसिद्ध असलेला तो माणूस जिन्यात उपरण्याचं टोक पिळत उभा होता. माझी सगळी लाज तिथेच संपली. मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही बसा. आधी मी जातो. माझंही तेच आहे, त्याच जागी. काय निघतं ते बाहेर येऊन तुम्हाला सांगतो. मग ठरवा."

त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला पण?" त्या दोन शब्दांत एवढा आनंद होता की मला राग यायला हवा होता. आला नाही.

डॉक्टर तिशीच्या असतील. शांत, थोड्या दमलेल्या. मी पडद्यामागे उभा राहिलो, त्यांनी उजेडात पाहिलं, कडेची पापुद्र्यासारखी थोडी त्वचा खरवडून काचेवर घेतली. मी छताकडे बघत मनात पाढे म्हणत होतो, पण तेराचा पाढा संपायच्या आत तपासणी संपलीसुद्धा. बुरशी आहे, त्या म्हणाल्या, या दिवसांत निम्म्या बनारसला असते. मग त्यांनी माझी ट्यूब मागितली, तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहरा कडक झाला. यात स्टिरॉइड आहे, त्या म्हणाल्या, त्यानं आग विझते आणि बुरशी पोसते. तुम्ही रोज तिला जेवण वाढत होतात. ट्यूब सरळ कचऱ्याच्या डब्यात गेली. वेगळं मलम आणि गोळ्या मिळाल्या आणि ताकीद मिळाली, की आठ-दहा दिवसांत खाज थांबेल, पण औषध थांबवायचं नाही, मी सांगेपर्यंत चालू ठेवायचं.

बाहेर आलो. गुरुजी बाकावर होते, मास्क हनुवटीवर.

"बुरशी," मी म्हणालो. "लोणच्यावर येते ना, तसली."

"लोणच्यावर?"

"ओलं राहिलं की येते. बाकी काही नाही."

"म्हणजे आपण नासलो," गुरुजी म्हणाले, "एवढंच." आणि उठून, धोतर सावरून, आत गेले.

बराच वेळ ते आत होते. आले तेव्हा चेहऱ्यावरची गेल्या दोन महिन्यांची घडी उलगडली होती. पण ऑटो पुलावर आली तसे ते पुन्हा उपरण्याशी चाळा करू लागले. खाली गंगा समुद्रासारखी पसरली होती, तांबडी, कडेची झाडं पोटात घेतलेली. डॉक्टरांनी त्यांना साखर तपासायला सांगितलं होतं, ते त्यांना कबूल होतं. गंगेवरून ओल्या कपड्यात यायचं नाही, तेही कबूल. अडलं होतं ते शेवटच्या वाक्यावर. घरात कपडे एकत्र धुतले जातात, बिछाना एक आहे, तेव्हा पत्नीलाही तपासून घ्या. गुरुजींनी मला विचारलं की हे काकूंना मी सांगू शकेन का. मी म्हणालो, बरोबर उभा राहीन, बोलणार नाही.

काकू स्वयंपाकघरात दोडके चिरत होत्या. गुरुजींनी सुरुवात केली ती फार लांबून. देह हा असा असतो, ऋतू बदलतो तसे विकार होतात, शास्त्रातही सांगितलं आहे. काकू चिरत राहिल्या. गुरुजी ऋतूंवरून त्वचेवर आले आणि त्वचेवरून पुढे त्यांना जाता येईना. तेव्हा काकूंनी विळी आडवी केली.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "धोतर मीच धुते ना. सावनच्या आधीपासून ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल, म्हणून थांबले होते. आणि मला पण आहे. कमरेला, नाड्याच्या जागी. रात्र रात्र झोप लागत नाही. मी कुणाला सांगणार होते?"

गुरुजी खाली बसले. काकूंच्या समोर, दोडक्यांच्या सालींच्या पलीकडे. एवढी वर्षं एका घरात, एका छपराखाली, आणि दोघंही भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून खाजवत होते. मला तिथे थांबावंसं वाटेना, मी वर निघालो. जिन्यात असताना गुरुजींचा आवाज ऐकू आला. ते एवढंच म्हणाले, "उद्या नाही, सोमवारी दवाखाना उघडा असेल. दोघं मिळून जाऊ."

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून गंमत वाटते. घरात जणू नवं व्रत सुरू झालं. प्रत्येकाचा पंचा वेगळा, प्रत्येकाची खुंटी वेगळी. कपडे उकळत्या पाण्यातून काढायचे. अंघोळीनंतर पंख्याखाली उभं राहून पूर्ण कोरडं व्हायचं, मगच नेसायचं. उन्हाचा भरवसा नाही म्हणून काकूंनी इस्त्री काढली. तिथे सोवळ्याचा प्रश्न उभा राहिला. सोवळ्याला इस्त्री चालते का? गुरुजी दोन दिवस ग्रंथ चाळत होते. काकूंनी तोवर सगळी सोवळी इस्त्री करून ठेवली आणि सांगितलं की ज्याला आग लागली ते पवित्रच असतं. गुरुजींना याच्याविरुद्ध वचन सापडलं नाही, की त्यांनी फार शोधलं नाही, ते मला माहीत नाही. मी टेरिकॉटच्या पँटा गाठोड्यात बांधल्या आणि सुती, सैल पँटा शिवून घेतल्या. त्यांत मी अगदीच सरकारी दिसत असे, पण वारा लागत होता.

एका संध्याकाळी मीनलला फोनवर सगळं सांगितलं. दिवाळीत तिला यायचं होतं आणि मी पूर, उमस, जागा लहान अशी काहीबाही कारणं सांगून ते टाळत होतो. ती इतकी हसली की शेजारी बसलेल्या तिच्या आईनं काय झालं म्हणून विचारलं. नंतर म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं की तुला मी यायलाच नको आहे." एवढ्याशा चट्ट्यानं कुठवर हात पोचवले होते.

खाज खरंच लवकर थांबली. इथेच बहुतेक लोक औषध सोडतात, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, आणि मीही सोडलं असतं. पण खाली गुरुजी होते. संध्या चुकली नाही तसं त्यांचं मलम चुकलं नाही. सकाळ-संध्याकाळ ते खालून हाक मारून विचारत की झालं का, आणि मी वरून झालं म्हणत असे, आणि ऐकणाऱ्याला वाटे की जेवणाबद्दल चाललं आहे.

आश्विन लागला. पाणी उतरलं, घाटाच्या पायऱ्या एकेक करत गाळासकट वर आल्या, माणसं होसपाइप घेऊन गाळ धुऊ लागली. हवेला पहिल्यांदा कोरडा वास आला. देवळाचे लोक दुसऱ्या माणसाला कळवायला निघणार होते, त्याआधीच गुरुजी स्वतः जाऊन सांगून आले की मी बसतो. आणि बसले. पहिल्या दिवशी मी बँकेत उशिरा जायची परवानगी काढून देवळात गेलो. ते आले, कोरडं, इस्त्रीचं सोवळं नेसलेले, आसनावर बसले, मांडी घातली. पाठ सुरू झाला. काकू खांबापाशी होत्या. त्या पाठ ऐकत नव्हत्या, मांडी बघत होत्या. दुपारी पाठ संपला तेव्हाच ती मोडली, आणि काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

पण मला खरं आठवतं ते नवमीचं. त्या दिवशी पारायण संपल्यावर सगळे वैदिक प्रसादाला ओळीनं बसले होते. सगळे वयस्क, मानाचे, घाटावर ज्यांना लोक वाकून नमस्कार करतात असे. त्यांच्यातले एक दीक्षित म्हणून होते, गुरुजींहून थोडे मोठे. ते सारखे आसन बदलत होते, उठत होते. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, गुडघे. गुरुजी त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी हातातली पत्रावळ खाली ठेवली.

"माझे गुडघे कधीच दुखत नव्हते," ते म्हणाले. पाठ म्हणतात त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला खाज होती. जांघेत. आपण गंगेवरून ओले येतो आणि ओलंच नेसून दिवसभर बसतो, त्यानं होते. ही बुरशी आहे, पाप नाही. औषध आहे, रामनगरला डॉक्टर आहेत. मी लपवलं आणि हे आसन सोडायला निघालो होतो. तुम्ही लपवू नका."

कुणी मान वर केली नाही. प्रत्येक जण आपापल्या पानातल्या खिरीकडे बघत होता. मला वाटलं, आता काहीतरी होणार. कुणीतरी उठून जाईल, मर्यादेवर बोलेल. वाढणारा थबकला होता. दीक्षितांचे कान लाल झाले होते. मग कुणीतरी भात मागितला आणि पंगत पुढे चालू झाली. त्यावर एक अक्षर बोललं गेलं नाही. गुरुजी घरी आले ते जरा उतरलेलेच. काकूंना म्हणाले, बोललो, पण वाया गेलं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी गुरुजींना आणि मला शेवटचं दाखवायला जायचं होतं. नावा सुरू झाल्या होत्या, म्हणून सकाळी घाटावर उतरलो. नाव ठरलेलीच होती. नावाडी म्हणाला, और भी लोग हैं, गुरुजी. बघतो तर दीक्षित आधीच बसलेले, छत्री उघडून, चेहऱ्यापुढे धरून. पलीकडे पंगतीतले आणखी दोघं. आम्ही चढतो आहोत तेवढ्यात वरून आणखी एक जण घाईघाईनं पायऱ्या उतरत आले आणि रामनगरला एका यजमानांकडे जायचं आहे असं नावाड्याला सांगून टोकाला जाऊन बसले. नाव निघाली. पाणी हिरवट, संथ झालं होतं. एवढे विद्वान एका नावेत, आणि प्रत्येक जण वेगळ्या दिशेला बघत होता. कुणी घाटावरच्या मशिदीकडे, कुणी पलीकडच्या वाळूकडे, कुणी पक्ष्यांकडे. वल्ह्यांचा आवाज तेवढा येत होता.

नाव मध्यधारेवर आली तेव्हा दीक्षितांनी छत्री मिटली. समोर बघतच त्यांनी विचारलं, "विनायकराव, ऐकलं की डॉक्टर बाई आहेत म्हणून?"

"आहेत," गुरुजी म्हणाले. "पण त्या आपल्याकडे बघत नाहीत, दीक्षित. रोगाकडे बघतात. आपण नसलो तरी त्यांना चाललं असतं."

पहिलं कोण हसलं ते कळलं नाही. टोकाला बसलेले गृहस्थ असावेत. मग दुसरे हसले, मग दीक्षित, मग सगळी नाव. शेंड्या हलत होत्या, नाव डोलत होती आणि नावाडी वल्हं उचलून धरून, काय झालं ते न कळता, आमच्याबरोबर हसत होता.